कोकण किनाऱ्यावरील सर्फिंगची सुरक्षितता आणि समुद्राच्या पाण्याची शुद्धता यांविषयी निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई

विषय : सर्फिंगच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक, इशारे व पाण्याची नियमित तपासणी यांची व्यवस्था करण्याबाबत.

कोकणात सर्फिंगचा हंगाम पावसाळा ओसरल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो तोवर लाट सलग आणि गुळगुळीत उभी राहते. दुपारी खारा वारा सुटला की ती विस्कटते, म्हणून सर्फर पहाटे पाण्यात उतरतात. कर्नाटकातील मुळकी आणि चेन्नईजवळचे कोवलम येथे हा खेळ आधी रुजला. कोवलमला तर कोळीवाड्यातील मुलांनीच तो आपलासा केला. गोव्यात अश्वे, मांद्रे, हरमल येथे सर्फिंगचे वर्ग चालतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंगला प्रथमच स्थान मिळाले. महाराष्ट्रात मात्र जलक्रीडा म्हटले की बनाना राइड, जेट स्की आणि पॅरासेलिंग एवढेच डोळ्यांसमोर येते. इंजिनाशिवाय, केवळ फळीवर झोपून लाटांपलीकडे जाणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

या खेळाविषयीची भीती शार्कभोवती फिरते. प्रत्यक्षात कोकण किनाऱ्यावर माणसे मरतात ती प्रवाहाने, आणि आजारी पडण्याचा धोका आहे तो सांडपाण्यामुळे. पुढील मागण्यांचा क्रम या वस्तुस्थितीला धरून आहे.

लाटांबरोबर किनाऱ्याला आलेले पाणी परत जाताना वाळूच्या दोन दांड्यांमधल्या खोलगट भागातून, खडकाच्या कडेने किंवा खाडीच्या मुखाजवळून एकवटून वाहते. हाच रिप करंट. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जाऊ शकतो, आणि एवढ्या वेगाविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. प्रवाहाच्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि गडद दिसते. समुद्राची ओळख नसलेला पर्यटक नेमकी तीच जागा सुरक्षित समजून निवडतो. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याच्या दिशेने झगडून दमल्यामुळे. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या पट्ट्यातून बाजूला निघणे, किंवा तरंगत राहून हात वर करून मदत मागणे, हा सुटकेचा मार्ग आहे. शाळकरी मुलालाही तो समजेल, पण तो सांगणारा फलक बहुतेक किनाऱ्यांवर आढळत नाही. जाणता सर्फर याच प्रवाहाचा उपयोग लाटांपलीकडे जाण्यासाठी करतो. त्यामुळे तो प्रवाह कुठे आहे हे सर्फरला माहीत असते आणि बुडणाऱ्यापर्यंत फळी घेऊन पोहोचणाराही पुष्कळदा तोच असतो.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन समुद्रात उतरण्यास बंदी घालते, ते योग्यच आहे. परंतु बंदीचे महिने संपले म्हणजे धोका संपला असे होत नाही. रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले तो दिवस १ फेब्रुवारी २०१६ हा होता. निरभ्र दिवशीही हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातील वादळांतून निघालेल्या लांब पल्ल्याच्या लाटा भारताच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. त्यांची पूर्वसूचना हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था देते. ती सूचना समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांपर्यंत पोहोचते, पण वाळूवर उभ्या असलेल्या कुटुंबापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून पहिली मागणी जीवरक्षकांची आहे. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची सेवा उभी केली. महाराष्ट्रात हा भार ग्रामपंचायतींच्या तुटपुंज्या उत्पन्नावर आणि हंगामी मानधनावर टाकलेला आहे. पर्यटनाचा लाभ राज्याला मिळत असताना गर्दीच्या किनाऱ्यांवर वर्षभर पगारी जीवरक्षक, बचावफळी आणि दुर्बीण पुरवण्याचा खर्च राज्यानेच उचलावा. स्थानिक कोळी आणि गाबीत तरुणांना त्यात प्राधान्य द्यावे, कारण पाण्याचा रंग पाहून प्रवाह ओळखणारी नजर त्यांच्याकडे आधीपासून आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये पोहण्याची जागा आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या झेंड्यांमध्ये फळ्यांची जागा आखावी. सर्फिंगमधील बहुतेक जखमा स्वतःच्याच फळीच्या किंवा तिच्या परांच्या आघाताने होतात. तीच सुटलेली फळी पोहणाऱ्या मुलाच्या डोक्यावर आदळली तर काय होईल, याचा विचार केल्यास ही विभागणी का हवी ते वेगळे सांगावे लागत नाही. जेट स्की या दोन्ही पट्ट्यांत येऊ नये. महासागर माहिती केंद्राचा लाटांचा इशारा रोज सकाळी किनाऱ्यावरील फलकावर मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहिला जावा.

दुसरा विषय पाण्याचा. पोहणाऱ्याच्या मानाने सर्फरच्या पोटात समुद्राचे पाणी कितीतरी अधिक जाते, कारण तो तासन्‌तास फुटत्या लाटांखालून जात असतो. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९ टक्के सर्फरांच्या आतड्यांत प्रतिजैविकांना न जुमानणारे ई-कोलाय जिवाणू आढळले. सर्फिंग न करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३ टक्के होते. त्याच देशात, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, मैलापाण्याने हैराण झालेल्या सर्फरांनी १९९० साली ‘सर्फर्स अगेन्स्ट सूएज’ ही संघटना स्थापली. कोणत्या किनाऱ्यावर सांडपाणी सोडले गेले आहे याची सूचना तिथे लोकांना घरबसल्या मिळते.

भारतात कसोटी ठरलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार स्नान आणि जलक्रीडांसाठीचे समुद्राचे पाणी ‘एसडब्ल्यू-२’ या वर्गात मोडते. त्यात दर १०० मिलिलिटरला विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या १०० पेक्षा जास्त नसावी आणि जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावी. मुंबईतील जुहूसारख्या किनाऱ्याला मिळणारे नाले पाहिले तर ही मर्यादा तिथे कशी पाळली जाणार, हा प्रश्न पडतो. कोकणातील लहान पर्यटनगावांचे दुखणे वेगळे आहे. निवासगृहे आणि खाणावळी दरवर्षी वाढत आहेत, पण मैला प्रक्रिया केंद्र नाही. शोषखड्डे भरले की पाणी ओढ्याने थेट पुळणीवर येते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे दाभोळ खाडीत मासे मरतात, अशी तेथील मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. खाडीचे पाणी ओहोटीला समुद्रातच येते आणि लाटांसाठी नावाजलेल्या जागा पुष्कळदा खाडीच्या मुखाशीच असतात.

पाण्याचे नमुने केवळ ठरावीक केंद्रांवर न घेता, जिथे लोक प्रत्यक्ष पाण्यात उतरतात तिथे, सर्फिंगच्या हंगामात दर आठवड्याला आणि मोठ्या पावसानंतर पुन्हा घ्यावेत. निकाल किनाऱ्यावर लावावा. मर्यादा ओलांडलेली असेल त्या दिवशी पाण्यात न उतरण्याचा इशारा द्यावा. किनाऱ्यांना मिळणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनाच्या नियमांत पाण्याच्या तपासणीचे निकाल लोकांसमोर ठेवणे बंधनकारकच आहे. मानांकन नसलेल्या गावातील मुलांच्या पोटात जाणारे पाणीही तेवढ्याच काळजीने तपासले गेले पाहिजे.

तेलाचा उपद्रव ऋतूप्रमाणे येतो. मे ते सप्टेंबरदरम्यान नैर्ऋत्येचे वारे समुद्रातील तेलाचे गोळे पश्चिम किनाऱ्यावर आणून टाकतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता. असे गोळे आल्यावर ते उचलण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवून ग्रामपंचायतींना कळवावे.

शार्कचा प्रश्न शेवटी घेण्याचे कारण त्याचे प्रत्यक्ष प्रमाण. २०२३ मध्ये साऱ्या जगात चिथावणीशिवाय शार्कने चावा घेतल्याच्या ६९ घटनांची नोंद झाली. त्यांतील ४२ टक्के घटना सर्फिंग व तत्सम खेळ करणाऱ्यांच्या बाबतीत घडल्या. कोकणात मुशी आणि मोरी या शार्कच्या जाती जाळ्यात येतात, बाजारात विकल्या जातात, परंतु माणसावर हल्ला ही अत्यंत विरळ घटना आहे. तरीही ती अशक्य नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका मच्छीमाराच्या पायाचा शार्कने गंभीर चावा घेतला. गोड्या पाण्यातही राहू शकणारा बुल शार्क खाड्यांमध्ये शिरतो. म्हणून गढूळ पाणी असताना, पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळी खाडीच्या मुखाशी सर्फिंग टाळण्याची सूचना फलकावर असावी. मासळीचा टाकाऊ भाग सर्फिंगच्या जागेजवळ समुद्रात फेकण्यास मनाई करावी आणि त्यासाठी बंदरांवर कचऱ्याची सोय करावी.

शार्क रोखण्यासाठी जाळी लावण्याचा किंवा त्यांना मारण्याचा मार्ग मात्र स्वीकारू नये. दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे १९५२ पासून अशी जाळी लावली जातात आणि त्यांत कासवे व डॉल्फिनही मरतात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपणाऱ्या कोकणाला हे परवडणारे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहराचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे दक्षिणेला सुआपे बंदर उभारताना खाडी आणि कांदळवनाची मोडतोड झाली. १९९२ पासून शहराच्या किनाऱ्यावर शार्कचे हल्ले सुरू झाले आणि १९९५ मध्ये सर्फिंगवर बंदी घालावी लागली. हल्ल्यांमागे बंदराचा वाटा असल्याचे अभ्यासक मानतात. कोकणातील नव्या बंदरांच्या व जेट्टींच्या पर्यावरणीय अभ्यासात मोठ्या माशांच्या वावरात होणारा बदल आणि त्याचा पाण्यातील माणसांवरील परिणाम हा मुद्दा सक्तीचा करावा.

शार्कपेक्षा पाकट मासा आणि जेलीफिशसारखा ब्लू बॉटल यांच्याशी गाठ पडण्याची शक्यता कितीतरी अधिक. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी अनेक भाविकांना जखमी केले. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर ब्लू बॉटलच्या दंशाने अनेकांना त्रास झाला. दोन्हींवर प्राथमिक उपाय म्हणजे दंशाची जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवणे. वाळूने चोळणे अपायकारक. जीवरक्षकांच्या चौकीत गरम पाण्याची सोय आणि किनाऱ्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना याची लेखी माहिती असावी.

सर्फिंगचे पट्टे आखताना मच्छीमारांचा हक्क आधी येतो. सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या वगळूनच आणि स्थानिक मच्छीमार संस्थांच्या संमतीनेच सीमा ठराव्यात. येत्या हंगामापूर्वी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या प्रत्येक जिल्ह्यात किमान एका किनाऱ्यावर ही व्यवस्था सुरू करून, बचावाच्या व अपघातांच्या नोंदी दरमहा जाहीर कराव्यात, ही विनंती.

कोकण किनाऱ्यावरील सर्फर, प्रशिक्षक व रहिवासी

प्रत माहितीसाठी : सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकारी, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग.