हळद कोणाच्या मालकीची?

माझे पुस्तक तुम्ही नेले, तर ते माझ्याकडे उरत नाही. कल्पनेचे तसे नाही. न्यूटनचा नियम साठ मुलांना शिकवला, तरी माझ्याजवळचा कमी होत नाही! अशा न संपणाऱ्या वस्तूला कुंपण घालते ते पेटंट. संशोधकाने युक्ती उघड करावी, बदल्यात वीस वर्षे मालकी भोगावी, असा हा सौदा. युक्ती खरोखर नवी असेल तर मला तो मान्य आहे.

पण गुडघा फुटला की आजी हळद दाबते, त्यात नवे काय? तरीही १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकन पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. सीएसआयआरने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. मात्र आजीची साक्ष चालली नाही. परदेशातला नुसता वापर तिथला कायदा मानत नसे; संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील वैद्यकीय लेख पुढे करावा लागला.

ती अट २०१३ मध्ये गेली. पण कातकरी म्हातारीला ठाऊक असलेला पाला कोणत्या नियतकालिकात छापला आहे? तपासनिसाला जे लेखी सापडत नाही, ते त्याच्या लेखी आजही नवेच.