प्रेमाचं बोलायचं कोणत्या भाषेत?

दर फेब्रुवारीत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो. १४ तारीख आपली नाही, तो बाजाराचा दिवस आहे, पाश्चात्त्यांचं खूळ आहे, मुलांना जपा. पाठवणारे काका, मावशी, आत्या सगळे मायेचे आहेत; गणपतीच्या आरत्या मी त्यांच्याकडूनच शिकले. पण मी सतरा वर्षांची आहे, बाराव्या वर्षी सांगलीहून इंग्लंडला आले, आणि ज्या मुलांना जपायचं आहे त्यांतलीच एक आहे. तेव्हा उत्तर देण्याचा हक्क मला आहे.

पहिला मुद्दा बाजाराचा. तो खराच आहे. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत पत्र देशभर पोचू लागलं आणि व्हॅलेंटाइनच्या पत्रांचा पूर आला. पण अक्षय्य तृतीयेला सोनं आणि पाडव्याला नेकलेस विकणारे काय धर्मादाय चालवतात? पाडव्याला आई बाबांना ओवाळते, बाबा तबकात ओवाळणी घालतात, सगळे टाळ्या वाजवतात. संक्रांतीला नव्या नवरीला हलव्याचे दागिने घालतो, हौसेने उखाणे घ्यायला लावतो. म्हणजे प्रेमाचे सण आपल्याकडेही आहेत. फक्त लग्नाचा शिक्का बसल्याशिवाय त्यांत प्रवेश नाही.

दुसरा मुद्दा 'आपलं नाही' हा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात शिवसैनिकांनी याच कारणासाठी दुकानं फोडली, भेटकार्डं जाळली. पण आपलं म्हणजे कुणाचं? २९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. एक ब्राह्मण तरुण आणि एक महार तरुणी प्रेमात पडले होते, ती गरोदर होती, आणि गाव दोघांना ठार मारायला निघालं होतं. सावित्रीबाई मध्ये पडल्या, ब्रिटिश कायद्याचा धाक घातला आणि दोघांचा जीव वाचवला. आगरकरांनी त्याच शतकात 'प्रियाराधन' या विषयावर निबंध लिहिला. हे आपलं नाही का? मंडळाच्या कार्यक्रमात दोघांचे फोटो लावतो, हार घालतो, आणि घरी आल्यावर मुलीला विचारतो, "कुणाशी बोलत होतीस? आडनाव काय त्याचं?"

खरी गाठ या आडनावात आहे. मुलगा गोरा असला तर एक भीती, मुसलमान असला तर दुसरी, आणि मराठीच पण 'वेगळ्या' घरातला असला तर तिसरी, जी कुणी मोठ्याने बोलत नाही. गुलाबाचं फूल आणि चॉकलेटचा डबा यांच्यावर एवढा राग कुणाचाच नसतो.

तिसरा मुद्दा अभ्यासाचा. जीसीएसईला कित्येक शाळांत 'रोमिओ अँड ज्युलिएट' लावतात. त्यात चांगला ग्रेड यावा म्हणून तुम्ही ट्यूशनची फी भरता, वाक्यं पाठ करून घेता. ज्युलिएटला चौदावं वर्षही पुरं झालेलं नाही, आणि त्या नाटकात दोन मुलं मरतात ती घरच्यांच्या आडनावांच्या भांडणापायी. नाटकातलं प्रेम मार्कांसाठी चालतं. आमच्या वर्गातलं कुणी आवडलं तर अभ्यासाचं नुकसान!

आता बदलाबद्दल. इकडे यायचं तुम्ही ठरवलंत. आमचं नाव व्हिसाच्या कागदावर 'डिपेंडंट' म्हणून आलं. डिसेंबरात चार वाजता होणारा अंधार, नावाचा रोज होणारा चुराडा, डब्यातल्या भाजीच्या वासावरचे शेरे, हे सगळं आम्ही पचवलं. "ॲडजस्ट हो," एवढंच सांगितलंत आणि आम्ही झालो. पण माणूस असा उपटून लावला की ज्याच्याशी पहिल्यांदा मन मोकळं होतं, त्याच्याकडे ओढला जातो. हेही ॲडजस्ट होण्यातच येतं. इंग्लंडशी जुळवून घ्या, पण इथल्या कुणावर जीव जडू देऊ नका, हे आम्हाला जमणार नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या फोनमध्ये तिच्या मित्राचं नाव 'मॅथ्स ट्यूशन' आहे. तुमच्या धाकाने तिचं प्रेम थांबलं नाही. ती फक्त खोटं बोलायला शिकली.

आणि उद्या तो मुलगा वाईट वागला, तर ती कुणाला सांगेल? इंग्लंडच्या शाळांत सप्टेंबर २०२० पासून नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे. माध्यमिक शाळेत लैंगिक शिक्षणाच्या तासातून मुलाला वगळा असं पालक सांगू शकतात. नातेसंबंधांच्या तासातून नाही. संमती म्हणजे काय, सतत फोन तपासणं ही काळजी नसून पाळत कशी असते, नकार कसा द्यायचा आणि कसा ऐकायचा, हे मी शाळेत शिकले. इंग्रजीत. यातल्या एकाही गोष्टीसाठी माझ्याकडे घरातला मराठी शब्द नाही, कारण घरात तो कधी उच्चारलाच गेला नाही.

मुलं मराठी बोलत नाहीत, ही तुमची दुसरी आवडती तक्रार. जेवण, अभ्यास, आरती आणि 'आजीशी बोल' एवढ्यापुरतीच भाषा ठेवली तर ती तेवढीच राहणार. जे मनात सर्वात जास्त असतं ते ज्या भाषेत बोलता येत नाही, ती भाषा सोळाव्या वर्षी आपोआप सुटते. त्याला शनिवारची मराठी शाळा काय करणार?

चौदाव्या शतकात चॉसर नावाच्या इंग्रज कवीने व्हॅलेंटाइनच्या दिवशी जोडीदार निवडायला जमलेल्या पक्ष्यांवर कविता लिहिली. तिच्यात एका गरुडमादीसाठी तिघे गरुड भांडतात, आणि ती विचार करायला एक वर्षाची मुदत मागते. ती तिला मिळते. कुणी तिला ओरडत नाही, कुणी तिच्यासाठी परस्पर ठरवत नाही.

आम्हालाही लगेच लग्न करायचं नाही, की घरातून पळून जायचं नाही. आम्हाला विचार करायला वेळ हवा आहे आणि तो विचार ऐकणारं घर हवं आहे. म्हणून या फेब्रुवारीत तो संदेश पुढे ढकलू नका. जेवताना, मराठीत, मुलांना विचारा, "तुला कुणी आवडतं का?" आणि उत्तर आलं तर लगेच आडनाव विचारू नका.