‘मोठा झाला की उतरेल’ हे आता पुरे!

गेल्या महिन्यात एक जोडपं सात वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. तक्रार पोटदुखीची होती. तपासताना लक्षात आलं, उजव्या बाजूची पिशवी रिकामी आहे. आई लगेच म्हणाली, "ते आम्हाला माहिती आहे डॉक्टर. जन्मापासूनच आहे. मोठा झाला की उतरेल असं सांगितलंय." कोणी सांगितलं? सासूबाईंनी, शेजारणीने आणि एका डॉक्टरांनीही. राग आला तो या शेवटच्या उत्तराचा.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. वृषण (बोलीभाषेत गोटी) गर्भात असताना पोटात तयार होतात आणि जन्मापर्यंत खाली पिशवीत येतात. पूर्ण दिवसांच्या 100 मुलग्यांपैकी साधारण तिघांत जन्मताना एक किंवा दोन्ही वृषण उतरलेले नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरंच जास्त, 30 पर्यंत. यातले पुष्कळ पुढच्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. पण सहा महिन्यांनंतर असं क्वचितच घडतं. (बाळ लवकर जन्मलं असेल तर हे सहा महिने डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा.) म्हणून सहाव्या महिन्यात सर्जनना दाखवायचं आणि शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत उरकायची. शाळेत जाईपर्यंत थांबा हा सल्ला जुन्या पुस्तकांतला आहे. पुस्तकं कधीच बदलली, काही डॉक्टर बदलले नाहीत.

एवढी घाई कशाला, असं तुम्ही विचाराल. पिशवी शरीराबाहेर असते ती उगाच नाही. तिथलं तापमान पोटापेक्षा दोन-चार अंशांनी कमी असतं आणि वृषणाला तेच मानवतं. पुढे ज्यांपासून शुक्रजंतू तयार होणार, त्या पेशी वर अडकलेल्या वृषणात पहिल्या एक-दोन वर्षांतच कमी होऊ लागतात. बाहेरून काही दिसत नाही, मूल रडत नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. एकाच बाजूचा दोष असेल तर पुढे मूल होण्यात सहसा अडचण येत नाही. दोन्ही बाजूंचा असेल तर येऊ शकते. कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात, 13 वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत हा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे दुप्पट, तर त्यानंतर झालेल्यांत पाचपटीहून अधिक आढळला. मुळात हा रोग कमी आढळतो, तेव्हा घाबरू नका. पण थांबूही नका.

"एवढ्याशा जिवाला भूल?" ही भीती मला समजते. पण तासाभराच्या आतल्या एकाच भुलेचा तान्ह्या बाळांवर काय परिणाम होतो, हे मुलं पाच वर्षांची होईपर्यंत तपासलं गेलं आहे, आणि बुद्धीत फरक आढळला नाही. लहान मुलांचे सर्जन आणि अशा बाळांना भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ असले की झालं. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात.

इंजेक्शनांनी वृषण उतरवण्याच्या नादी लागू नका. आणि सोनोग्राफीत "दिसत नाही" म्हणजे वृषण नाहीच, असं नसतं. निर्णय अनुभवी हाताने तपासूनच होतो. हाताला लागत नसेल तर लॅप्रोस्कोपी.

एक अपवाद मात्र आहे. काही मुलांत वृषण थंडीने किंवा धास्तीने वर पळतो आणि कोमट पाण्यात बसवलं की खाली येऊन तिथेच थांबतो. याला शस्त्रक्रिया लागत नाही. वर्षातून एकदा दाखवत राहा, कारण त्यातले काही पुढे वरच अडकतात.

त्या सात वर्षांच्या मुलाची शस्त्रक्रिया आता ठरली आहे. उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं. खाली आणलेला वृषण हाताला लागतो, वयात आल्यावर त्यात गाठ झालीच तर लवकर कळते. सोबत हार्निया असेल तर तोही त्याच वेळी दुरुस्त होतो.

तुमच्या घरी तान्हा मुलगा असेल तर मालिश करणाऱ्या बाईंना आजच विचारा, दोन्ही लागतात का. नवजात बाळात दोन्ही लागत नसतील तर सहा महिनेही थांबू नका, लगेच दाखवा. त्यामागे हार्मोनचा गंभीर दोष असू शकतो.