सामन्यापूर्वीचा वाद

कबड्डीच्या व्यावसायिक साखळींत मुंबई आणि पुणें या दोन संघांची गांठ पडावयाची असली, म्हणजे आमच्या डोंगरकड्यासारख्या गांवांतहि दोन तट पडतात. एक तट ‘यू मुंबा’चा, दुसरा ‘पुणेरी पलटण’चा. सामना रात्रीं व्हावयाचा. पण त्याची चर्चा शाळेच्या मधल्या सुटींत सुरू होते, घरच्या वाटेनें चालते आणि जेवणाच्या ताटावरहि संपत नाहीं. त्यांतून सामना बाद फेरीचा असला, व हरणाऱ्यास घरचा रस्ता धरावा लागणार असला, तर मग विचारावयासच नको. ही चर्चा ऐकून पुष्कळ पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. अभ्यास टाकून हीं मुलें परक्यांच्या खेळापायीं घसा कां कोरडा करतात, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न अगदींच गैर नाहीं. तथापि आमचें मत थोडें निराळें आहे, व तें विद्यार्थी आणि पालक या उभयतांपुढें मांडावें, अशी आमची इच्छा आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सामन्यापूर्वीचा वाद ही चांगली गोष्ट आहे. मात्र आपला पक्ष आपण विचार करून निवडलेला असावा, आणि प्रतिपक्षाचें बळ खरेंखरें सांगण्याचें धैर्य आपल्या अंगीं असावें. या दोन अटी सुटल्या, कीं त्याच वादाचें भांडण होतें.

प्रथम वादाचा गुण पाहूं. कबड्डीचा खेळ दिसावयास सोपा, पण मोठ्या हिशेबाचा आहे. प्रत्येक बाजूस सात गडी, वीस-वीस मिनिटांचीं दोन सत्रें आणि एका चढाईस तीस सेकंद. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईंत गुण मिळवावाच लागतो. नाहीं तर चढाई करणारा बाद होतो. मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां त्यांनीं पकड साधली, तर एकाऐवजीं दोन गुण मिळतात. तिला अव्वल पकड म्हणतात. समोरचा सगळा संघ बाद केला, म्हणजे लोण चढतो व त्याचे दोन गुण अधिक मिळतात. आतां एखादा मुलगा जेव्हां म्हणतो, “उद्यां पुणें जिंकेल, कारण त्यांचे कोपरे भक्कम आहेत, मुंबईच्या चढाया रिकाम्या जातील, आणि तिसऱ्या चढाईंत त्यांचे गडी सांपडतील,” तेव्हां तो कारणावरून कार्याचें अनुमान बांधीत असतो. शिक्षकांनीं भूमितीच्या तासास जी शिस्त शिकवावी, तीच तो येथें कोणी न सांगतां गिरवीत असतो.

या अनुमानाचा आणखी एक गुण असा कीं, त्याची परीक्षा लागलीच होते. जगांतील बहुतेक मतांचा निकाल लागावयास वर्षें लोटतात, कित्येकांचा तर लागतच नाहीं. म्हणूनच माणसें तीं हट्टानें धरून बसतात. येथें घोडामैदान जवळ असतें. रात्रीं सामना संपला, कीं आपला तर्क बरोबर होता कीं चूक, हें सर्वांस कळतें, आणि दुसऱ्या दिवशीं तें मित्रांसमक्ष कबूल करावें लागतें. लहान वयांत ही संवय जडली, तर तिच्यासारखा लाभ नाहीं.

कांहीं देशांत तर ही परीक्षा एका सामन्यावर सोंपवीत नाहींत. कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावर हॉकी खेळतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत वांकडी काठी, आणि चेंडूऐवजीं रबराची चपटी चकती. तेथील मोठ्या साखळीच्या बाद फेरींत दोन संघ एकमेकांशीं जास्तींत जास्त सात सामने खेळतात. जो आधीं चार जिंकेल, तो पुढें जातो. त्यामुळें पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशीं बांधलेला तर्क पुनः पुनः घांसून पाहिला जातो. पहिल्या दिवशीं छाती फुगवून बोलणारा तिसऱ्या सामन्यानंतर जपून बोलूं लागतो. आणि मालिका संपली, म्हणजे दोन्ही संघांचे गडी समोरासमोर रांगेनें येऊन एकमेकांशीं हस्तांदोलन करतात. इतके दिवस परस्परांस धडका देणाऱ्या माणसांनीं पाळलेली ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते.

परंतु त्याच खेळानें वादाची दुसरी बाजूहि जगास दाखविली आहे. कॅनडांतील माँट्रियल शहरीं मॉरिस रिशार नांवाचा खेळाडू फ्रेंच भाषा बोलणाऱ्या लोकांच्या गळ्यांतील ताईत होता. १९५५ च्या मार्च महिन्यांत एका सामन्यांत त्यानें पंचांपैकीं एकावर हात टाकला. त्याबद्दल साखळीचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्बल यांनीं त्याला उरलेल्या हंगामांतून व बाद फेरींतूनहि काढून टाकलें. कॅम्बल हे इंग्रजी बोलणारे. १७ मार्च रोजीं ते माँट्रियल येथील सामन्यास येऊन बसले, तेव्हां प्रेक्षकांनीं त्यांच्यावर हातीं लागेल तें फेंकलें. अश्रुधूर सुटला, सामना बंद पडला आणि रस्त्यांत दंगल होऊन दुकानांच्या कांचा फुटल्या. अखेर दुसऱ्या दिवशीं रिशारलाच रेडिओवरून लोकांस शांत राहण्याची विनंति करावी लागली. शिक्षा योग्य कीं अयोग्य, हा वाद करण्यासारखा होता. पण खेळाचा वाद भाषेच्या जुन्या वैरास जाऊन मिळाला, आणि मग शिक्षेचा विचार कोणासच राहिला नाहीं.

हें परदेशाचें उदाहरण झालें. आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण याहून बोलकें आहे. मुंबईस १९०७ पासून क्रिकेटचे तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होत असत. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ असे पांच संघ होते. ‘इतर’ म्हणजे ख्रिस्ती, ज्यू वगैरे, ज्यांस पहिल्या चारांत जागा नव्हती ते. खेळ उत्तम प्रतीचा होई. पण कोणाचा जयजयकार करावयाचा, हें प्रेक्षकाच्या जन्माबरोबरच ठरून गेलेलें असे. १९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधि वर्ध्यास गांधीजींस भेटले, तेव्हां खेळांत धर्माप्रमाणें संघ पाडणें आपणांस पसंत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. १९४६ नंतर हे सामने बंद झाले.

या सामन्यांतील एक प्रसंग प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवावा. सांगलीस १९१५ सालीं ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले विजय हजारे ‘इतर’ संघाकडून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदु संघाच्या विजय मर्चंट यांनीं नाबाद २५० धावा काढल्या, व त्या संघानें ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. ‘इतर’ संघ १३३ धावांत गारद झाला. दुसऱ्या डावांत त्याच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांतील ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. बंधु विवेक यांच्यासह त्यांनीं ३०० धावांची भर घातली, तींत विवेक यांचा वांटा २१ धावांचा. संघ एक डाव व ६१ धावांनीं हरला. पुढें १९५१ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. तेव्हां हजारे भारताचे कर्णधार होते, आणि मर्चंट त्यांच्या हाताखालीं खेळत होते. त्या एकाच डावांत मर्चंट यांनीं १५४ व हजारे यांनीं नाबाद १६४ धावा काढल्या. १९५२ च्या फेब्रुवारींत मद्रासला भारतानें कसोटींतील पहिला विजय मिळविला, तोहि हजारे यांच्याच नेतृत्वाखालीं. ज्या प्रेक्षकांनीं १९४३ मध्यें या दोघांपैकीं एकाचीच बाजू घेतली होती, त्यांस आठ वर्षांनीं दोघांसाठींहि टाळ्या वाजवितां आल्या. खेळाडू तेच होते, वांटणी तेवढी बदलली होती.

आजच्या कबड्डीच्या साखळींत तशी वांटणी नाहीं. २०१४ मध्यें ही साखळी सुरू झाली, तेव्हांपासून पांच हंगाम अनुप कुमार मुंबईचे कर्णधार होते. २०१५ चें अजिंक्यपद मुंबईस त्यांच्याच नेतृत्वाखालीं मिळालें. तेच २०१९ मध्यें पुण्याचे प्रशिक्षक झाले. इराणचे फजल अत्राचली आधीं मुंबईचे कर्णधार होते, व २०२२ मध्यें पुण्याचे झाले. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें पुण्यानें हरियाणाच्या संघास २८–२५ असें हरवून आपलें पहिलें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां कर्णधार होते अहिल्यानगर जिल्ह्यांतील अस्लम इनामदार. असें असतां पुण्याच्या पक्षानें मुंबईचा द्वेष करावयाचा, तो नेमका कोणाचा? ज्याला काल शिव्या दिल्या, तोच उद्यां आपल्या संघांत येऊन उभा राहतो.

शिवाय आपण डोंगरकड्याचे लोक मुंबईचेहि नव्हे आणि पुण्याचेहि नव्हे. दोन्ही शहरें आपणांस सारखींच दूर वाटतात. आपल्यावर कोणत्याहि पक्षाचें जन्माचें ऋण नाहीं. कोणास एकाची पकड आवडते, कोणास दुसऱ्याची चढाई. म्हणून आपला पक्ष खरोखर आपण निवडलेला असतो. मुंबई-पुण्याच्या रहिवाशांसहि नाहीं, तें हें स्वातंत्र्य आपणांस आयतें लाभलें आहे. तें असतांना वाद रंगला म्हणजे कधीं कधीं जीभ घसरते. संघ बाजूस राहतो, आणि समोरच्या मुलाची वस्ती, जात, धर्म किंवा वडिलांचा धंदा निघतो. जी वांटणी क्रिकेटनें १९४६ मध्यें टाकून दिली, ती आपण आपल्या व्हरांड्यांत पुनः मांडावयाची काय? ज्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात, तेथें असा एक शब्द वर्षावर्षाची मैत्री तोडतो, आणि ती पुढें कोणत्याहि निकालानें जुळत नाहीं.

कोणी म्हणेल, इतकें मोजून-मापून बोलावयाचें, तर वादांत रंग तो काय उरला? ही शंका खरी आहे. थट्टा, चिमटे, आवेश यांवांचून सामन्याची आदली रात्र बेचव होईल, हें आम्हांसहि मान्य आहे. आमचा आक्षेप आवेशास नसून असत्यास आहे. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कारटें’ ही म्हण येथें पदोपदीं आठवते. आपल्या गड्यानें गुण मिळविला तर कौशल्य, आणि प्रतिपक्षानें मिळविला तर पंचांची मेहेरबानी! शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास दहा आज्ञांत मनाई आहे. ती आज्ञा न्यायालयापुरतीच आहे, असें आम्ही मानीत नाहीं. प्रतिपक्षाच्या चांगल्या खेळास वाईट म्हणणें हीहि खोटी साक्षच होय.

पालकांनीं आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. भाकीत आणि पैज यांत फार अंतर आहे. भाकीत करणारा आपली बुद्धि पणास लावतो, पैज लावणारा घरचा पैसा. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें संमत केला आहे. परंतु मुलाच्या हातांतील फोनवर कायद्याआधीं घरचें लक्ष असलें पाहिजे. यास्तव पालकांनीं या चर्चेस दटावून घराबाहेर घालवूं नये. घरांत मोकळेपणीं बोलणारा मुलगा काय बोलतो, हें निदान कळतें तरी.

शेवटीं विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे, व ती अगदीं साधी आहे. पुढच्या वेळीं मुंबई-पुण्याचा सामना असेल, तेव्हां वादास आरंभ करण्यापूर्वीं मुंबईच्या पक्षानें पुण्याचीं दोन बलस्थानें सांगावींत, व पुण्याच्या पक्षानें मुंबईचीं. आणि तीं समोरच्यांनीं “हें खरें” असें म्हणेपर्यंत सांगावींत. मग आपापलें भाकीत कारणांसह वहींत लिहावें, व दुसऱ्या दिवशीं तें मोठ्यानें वाचून दाखवावें. ज्याचें चुकलें, त्यानें आधीं हात पुढें करावा. एवढें साधलें, तर रात्रीच्या सामन्यांत कोणीहि जिंको, सकाळीं वर्गांत येतांना कोणीहि कोणाचा वैरी असणार नाहीं.