ब्लूजचं प्रमाणपत्र नको, हिशेबाची वही हवी



नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात आम्ही काही कार्यकर्ते एका ज्येष्ठ ब्लूज गिटारवादकाला ऐकायला गेलो होतो. आधी वादन झालं, मग गप्पा. पहिली गिटार कुणाची उसनी आणली, पहिला ड्रमर कोण, बेस वाजवणारा मध्येच का सोडून गेला, पहिल्या कार्यक्रमाचे पैसे कसे वाटून घेतले, हे सगळं त्यांनी नावानिशी सांगितलं. बँड कसा उभा राहिला ते आम्हाला डोळ्यांसमोर दिसलं. कार्यक्रम आवडला, हे आधीच सांगून टाकतो. आमचं भांडण त्या कलावंताशी नाही.

भांडण आहे ते शेवटच्या एका वाक्याशी. आभार मानताना निवेदक म्हणाले, "ब्लूज ही गुलामांच्या वेदनेतून जन्मलेली कला आहे. आपल्याकडे असं काही घडलं नाही." सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

आपल्याकडे घडलं नाही? सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत १९३०च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी, तुणतुणं, चार-सहा जणांचा संच. गावकुसाबाहेरच्या ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्याच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार या संचाने पायी नेला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ला जन्मलेले वामनदादा कर्डक मोठे होईपर्यंत निरक्षर होते. मुंबईत मजुरी करता करता ते अक्षरं शिकले, १९४३मध्ये त्यांनी पहिलं गीत लिहिलं आणि पुढची साठ वर्षं ते गावोगाव गात फिरले. आणि नौपाड्यापासून एका स्टेशनावर, मुलुंडच्या झोपडपट्टीत, विलास घोगरे राहायचे. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली, तेव्हा या शाहिराने काही दिवसांतच गळफास घेतला. हे सगळं त्या निवेदकाला माहीत नाही, यात आम्हाला नवल वाटत नाही. न्यूयॉर्क-शिकागोची वेदना कळते आणि मुलुंडची कळत नाही, याला अज्ञान म्हणत नाहीत. कुणाचं दुःख ऐकायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवणारी ती एक व्यवस्था आहे. दूरच्या दुःखाला टाळी देताना स्वतःच्या हाताकडे बघावं लागत नाही.

आता ज्या ब्लूजचं कौतुक झालं, त्याच्याकडेच वळू. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावरचा मजूर. १९४१मध्ये अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी लोकगीतं गोळा करणारे संशोधक त्याच्या दारात गेले आणि त्यांनी त्याचं गाणं मुद्रित केलं. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं, आपणही गायक आहोत. १९४३मध्ये तो शिकागोला गेला. दिवसा ट्रक चालवायचा, रात्री वाजवायचा. तिथल्या दारूच्या अड्ड्यांवरच्या गलक्यात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्याने विजेवरची गिटार घेतली. लिटल वॉल्टरचा माऊथ ऑर्गन, जिमी रॉजर्सची दुसरी गिटार, पुढे ओटिस स्पॅनचा पियानो. ही नावं आज जगभरच्या रसिकांना पाठ आहेत. त्याच्यामागून शिकागोत आलेल्या बडी गायची गिटार रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला गोंगाट वाटायची. २०११मध्ये तोच बडी गाय वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला, तेव्हा त्या गोंगाटाला मुंबईने डोक्यावर घेतलं.

म्हणजे मोठा आवाज ही गोष्ट ब्लूजमध्ये 'शैली' ठरते. वस्तीतल्या गायन पार्टीने माईक आणि बेंजो लावला की तो 'त्रास' ठरतो. दोन्हीकडे कारण एकच होतं. कामावरून थकून आलेली माणसं, उघडी जागा, भोवतालचा कोलाहल. त्यातून आवाज पोहोचवायचा होता. एकाचं कारण ग्रंथात नोंदलं गेलं, दुसऱ्याची तक्रार पोलीस चौकीत.

इथपर्यंत वाचून आपल्यातल्या अनेकांनी मान डोलावली असेल. आता पुढचं ऐका, कारण खरा लेख इथून सुरू होतो.

सभागृहातून बाहेर पडून आम्ही तलावपाळीवर बसलो. एकाने विचारलं, "वामनदादांना ढोलकीवर साथ कोण करायचं?" आम्ही सहा जण होतो. सगळे पदवीधर, आमचं तर समाजशास्त्रात एम.ए. झालेलं. एकालाही एक नाव सांगता आलं नाही. प्रल्हाद शिंदेंच्या मागे पेटीवर कोण? शांतता. चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीत जी गायन पार्टी होती, तिच्यातला बेंजोवाला कोण? तोही नाही. मडी वॉटर्सचा माऊथ ऑर्गनवाला आम्हाला माहीत आणि वामनदादांचा ढोलकीवाला माहीत नाही. हे पाप नौपाड्याच्या निवेदकाचं नाही, मित्रांनो. हे आपलं आहे.

आपल्यातले काही जण हल्ली म्हणतात, भीमगीत म्हणजे आपला ब्लूज. आम्हाला हे पटत नाही. काळ्या अमेरिकनांशी आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतलं. ते नातं बरोबरीचं होतं. ब्लूज गाणारा बहुतेकदा आपलं एकट्याचं दुःख गातो आणि त्यातून सगळ्यांचं दुःख उमटतं. जलसा दुःखापाशी थांबत नाही. तो पोराला शाळेत घाला, मेलेलं ढोर ओढू नका, संघटित व्हा, असं सांगतो. तो चळवळीचा हात आहे. त्याला 'भारतीय ब्लूज' म्हटल्याने मोठेपण येत नाही, उलट तो कुणाची तरी शाखा ठरतो. प्रमाणपत्र कशाला मागायचं? घ्यायचंच असेल तर त्यांच्याकडून नोंद ठेवणं आणि हिशेब मागणं घ्या.

हिशेबही साधा नव्हता. मडी वॉटर्स आणि विली डिक्सन यांना १९७०च्या दशकात आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीसाठी प्रकाशन कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. भांडले म्हणून मिळालं. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात किती गायकांनी एकरकमी पैशांवर सही केली, किती गीतकारांची नावंच वेष्टणावर आली नाहीत, हे जुन्या मंडळींना विचारा. आज कायदा बदलला आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनी करारानेही काढून घेऊ शकत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. वामनदादा १५ मे २००४ला गेले; म्हणजे त्यांनी लिहिलेल्या शब्दांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत जिवंत आहे. त्यानंतर चाळीस दिवसांच्या आत, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. एवढे दोन आवाज गेले आणि आपण अभिवादन सभा घेतल्या. त्यांच्या साथीदारांच्या घरी वही घेऊन किती जण गेले?

मार्ग दाखवणारे आहेत. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा राहिला आणि जानेवारी २०१८मध्ये पहिल्यांदा मंचावर आला. वस्त्यांतले गाना गायक, रॅपर, वादक असे एकोणीस जण, सगळे एका रांगेत. इकडे मुंबईत कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज'ने गिटार हातात घेऊन बुद्ध-भीमाची गाणी केली. गिटार परकी, म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगतो की आपल्या पार्टीतला बेंजोही जपानी तायशोगोतोचा वंशज आहे, आणि ज्या बँजोचं नाव त्याला चिकटलं तो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांनी अमेरिकेत घडवला. वाद्याला जात नसते. वाजवणाऱ्याचं नाव गाळणाऱ्या समाजाला असते.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढा. आपल्या वस्तीतला जो जुना ढोलकीवाला, पेटीवाला, कोरस धरणारी बाई हयात आहे, तिच्या-त्याच्या घरी जा. मोबाईल समोर ठेवा आणि विचारा: पार्टी कशी जमली, कोण कोण होतं, बिदागी किती, कोण मध्येच सोडून गेलं आणि का. जुन्या गाण्यांच्या पुस्तिकांची पानं फोटोत घ्या. गाणं टाकताना गीतकाराचं आणि वादकाचं नाव टाका. कलावंताला हारासोबत पाकीटही द्या, आणि पाकीट आधी द्या.

निवेदकाला उत्तर द्यायला आम्ही पुन्हा त्याच सभागृहात जाणार आहोत. पण रिकाम्या हाताने नाही. पहिली वही भरायला घेतली आहे. पहिल्या पानावर एका ढोलकीवाल्याचं नाव आहे.

जय भीम!