विश्लेषण : झाडलेले काडतूस पुन्हा भरता येते का?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात नारळ, आंबा, काजूच्या बागांवर माकडे-वानरांचा उपद्रव वाढला की शेतीसंरक्षण बंदुकीचा विषय निघतो. काडतूस महाग, दुकान लांब. त्यात परदेशातील 'रीलोडिंग'चे व्हिडीओ मोबाइलवर दिसतात. रिकामी पितळी नळी, एक प्रेस, एक डाय आणि काडतूस तयार! आपल्याकडे हे चालेल का?

डाय नेमके काय करते?

गोळी सुटताना आतील दाबाने पितळी नळी फुगते आणि बंदुकीच्या चेंबरच्या भिंतीला चिकटते. दाब उतरल्यावर ती थोडी आकसते, पण मूळ मापावर येत नाही. रिसायझिंग डाय म्हणजे पोलादी साचा. त्यात नळी दाबून बसवली की ती पुन्हा मापात येते.

'ॲडजस्ट' करण्यावर एवढा भर का?

डाय प्रेसमध्ये किती खोल फिरवायची, यावर नळीचा 'खांदा' किती मागे सरकणार हे ठरते. अनुभवी लोक तो इंचाच्या एक-दोन सहस्रांशच, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे घेतात. हे अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. खांदा कमी मागे गेला तर बोल्ट बंद होत नाही. जास्त गेला तर नळीला चेंबरमध्ये मोकळी जागा मिळते. मग प्रत्येक बारानंतर ती बुडाजवळ ताणत जाते आणि एक दिवस तिथेच तुटते. तप्त वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. .३०३ सारख्या जुन्या रायफलींचे चेंबर सैल असल्याने त्यांच्या नळ्या लवकर निकामी होतात.

कोकणातील शेतकऱ्याला ते लागू आहे?

बहुतांशी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ नुसार पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि ती अपुरी वाटल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूक देता येते. ठासणीच्या बंदुकीत काडतूसच नसते. दारू आणि छरे दर वेळी ठासून भरायचे. बारा बोअरच्या काडतुसाचे कवच प्लॅस्टिकचे किंवा कागदी, त्याला रायफलची डाय चालत नाही. नेमबाजांचेही तसेच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्यातील .२२ काडतुसाच्या कडेतच स्फोटक असते. एकदा पिन आदळली की ती कड चेपते. पुन्हा भरणे नाही.

कायदा काय सांगतो?

कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. शिवाय कायद्यातील 'दारूगोळा' या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे डाय आणि प्रेस हे साधे सुतारकामाचे हत्यार समजून मागवणे महागात पडू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून निर्मिती केल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

मग घरातील रिकामी काडतुसे?

कलम ४५ मध्ये सवलत आहे. पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल, तर किरकोळ सुटे भाग बाळगणे गुन्हा ठरत नाही. पण रिकाम्या नळ्यांशेजारी दारू, प्राइमर आणि डाय सापडली, तर हेतू नव्हता हे पटवून देणे कठीण.

शेतकऱ्याने काय करावे?

काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावीत, परवान्यावर नोंद करून घ्यावी. बंदूक परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. संरक्षित प्राणी मारण्यासाठी वन्यजीव कायद्यानुसार वेगळी परवानगी लागते. नुकसान झाल्यास फोटो काढून तातडीने वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा. ही भरपाई अपुरी असल्याची बागायतदारांची तक्रार रास्त आहे आणि ती शासनाने ऐकायला हवी. पण त्यावर घरगुती काडतूस हा उपाय नाही. त्यात बागेआधी बागायतदाराचाच जीव आणि परवाना पणाला लागतो.