कंत्राटदार बदलला, किल्ली कोणाकडे?

परीक्षेत घोटाळा उघड झाला की सरकारकडे एकच औषध असते: कंपनी बदला. मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. मोठ्या यंत्रणा एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे नेणे हे माझे रोजचे काम. म्हणून ठामपणे सांगतो, या औषधाने हा रोग जात नाही.

शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पाहा. डिसेंबर 2021 मध्ये म्हाडा भरतीच्या पेपरफुटीचा तपास करताना पुणे पोलीस टीईटीपर्यंत पोहोचले. परीक्षेचे काम पाहणाऱ्या कंपनीचा संचालक आणि राज्य परीक्षा परिषदेचे आयुक्त, दोघांनाही अटक झाली. 2019-20 च्या परीक्षेत 7,800 हून अधिक अपात्र उमेदवारांना पात्र ठरवल्याचे तपासात पुढे आले. उत्तरपत्रिका तपासणारा, निकाल लावणारा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एकमेकांना सामील असतील, तर कंपनीचे नाव बदलून काय साधणार?

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये 2008 साली शालेय चाचण्यांचे काम नव्या कंपनीकडे गेले आणि सुमारे 12 लाख मुलांचे निकाल रखडले. कंत्राट रद्द झाले. मात्र चौकशीने कंपनीबरोबर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेलाही दोषी धरले. आपल्याकडे हा दुसरा भाग सोयीस्करपणे विसरला जातो.

आमच्या कुसगावला येणारा ‘मिसिंग लिंक’ बांधताना खंडाळ्याचा घाट कोणी बंद केला नव्हता. यंत्रणा बदलण्याची रीत हीच. जुनी चालू ठेवायची, नवी तिच्या शेजारी चालवून दोन्हींचे निकाल ताडून पाहायचे, मगच जुनीला रजा द्यायची.

यात आपले काय? 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे सक्तीचे केले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. त्या खटल्यात महाराष्ट्रातील एक मुस्लिम शिक्षणसंस्थाच पक्षकार होती. आता आपल्यात चर्चा होते ती सवलतीची. पण सवलत मिळाली तरी आपल्या मुलांना चांगला शिक्षक मिळेलच असे नाही. उर्दू माध्यमातून डी.एड. करून रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलीची जागा पैसे मोजणारा घेऊन जातो, तेव्हा तिला सवलत नको असते, स्वच्छ परीक्षा हवी असते.

म्हणून मागण्या नेमक्या करूया. उत्तरपत्रिकांच्या स्कॅन प्रती त्याच दिवशी कंपनीबाहेरच्या स्वतंत्र ताब्यात जाव्यात. प्रत्येक उमेदवाराला स्वतःची प्रत मिळावी. काम सोडताना कोणती माहिती, कोणाला, किती दिवसांत द्यायची हे करारात पहिल्याच दिवशी लिहावे, आणि ती मिळेपर्यंत शेवटचे बिल रोखावे. तो करार जनतेला वाचायला मिळावा.

कंपन्या येतील, जातील. किल्ली सरकारकडे हवी आणि सरकारवर नजर आपली हवी.